काळ्या आबायाच्या आतले रंग

मैत्रिणींनो, अरबी बाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पायघोळ काळा आबायाच उभा राहतो. जणू सगळ्या एकाच साच्यातल्या! पण सौदी अरेबियात दोन पिढ्यांमागे बाईच्या झग्यावरचे भरतकाम पाहून जाणकार माणूस सांगे, ही अमक्या मुलखाची, अमक्या टोळीची. आपल्याकडे नाही का, लुगड्याच्या नेसण्यावरून गाव ओळखत, तसेच.

दक्षिणेकडच्या असीरच्या डोंगरात काळ्या मखमलीच्या किंवा सुती झग्यावर छातीपासून बाजूंपर्यंत पिवळ्या-सोनेरी रेशमाचे दाट भरतकाम असते. त्याला ‘मुजन्नब’ म्हणतात. तिथल्या शेतकरी बायका उन्हात रुंद काठाची गवती टोपी घालत. मक्का-मदिनेकडच्या हर्ब टोळीच्या झग्यांवर शिशाचे बारीक मणी ओवून नक्षी करीत. असा झगा हातात घेतला तर वजनच जाणवते. मधल्या नज्दमध्ये आणि आखाताच्या काठाला लग्नकार्यात घालायचा ‘थोब अल् नशल’ म्हणजे पारदर्शक कापडावर सोनेरी भरतकाम, आणि बाह्या इतक्या रुंद की उचलून डोक्यावरून पदरासारख्या घ्याव्यात!

शिवण मात्र साधी. कापडाचे सरळ पट्टे, दोन्ही बाजूंना तिरक्या कळ्या, बगलेत एक चौकोनी तुकडा. कातरणीत चिंधीसुद्धा वाया जायची नाही. काटकसर काही आपलीच मक्तेदारी नव्हे, बरं का.

यातल्या कितीतरी झग्यांचे कापड आणि जर आपल्याच देशातून गेलेली. मुंबई आणि सुरतेहून गलबते भरून कापड जाई, तिकडून मोती येत. साठीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कुवेत-बहरीनच्या बाजारात रुपयाच चालत होता.

मग हे सगळे गेले कुठे? १९३८ साली सौदी अरेबियात तेल सापडले, पैसा आला, तंबूतली माणसे शहरात आली. तयार कपडे आणि यंत्राचे भरतकाम स्वस्त पडू लागले. शिवाय सणाचा झगासुद्धा अंगावर वापरून विरायचा. फार तर त्याचा भरलेला तुकडा कापून नव्याला लावायचा. चांदीचे दागिने तर बाई गेली की वितळवून टाकीत. सुनांना सोने हवे होते, चांदी जुनाट वाटू लागली. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपणही आजीच्या पैठण्या जाळून जर विकलीच की!

गंमत म्हणजे जुने झगे आधी विकत घेतले ते तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या परदेशी लोकांच्या बायकांनी. ऑस्ट्रेलियाच्या हेदर कोलियर रॉस यांचे अरबी पोशाखांवरचे पुस्तक १९८१ साली निघाले. पुढे सौदी बायकांनीच मनावर घेतले. १९९९ साली काही जणींनी मिळून ‘मन्सूजात’ ही संस्था काढली; झगे जमवायचे, त्यांची नोंद ठेवायची, प्रदर्शने भरवायची, हे तिचे काम. उंट-मेंढ्यांच्या लोकरीचे ‘सदू’ विणकाम युनेस्कोने २०११ साली संयुक्त अरब अमिरातींच्या नावे, ‘तातडीने जपायला हवे’ अशा यादीत घेतले; २०२० साली सौदी अरेबिया आणि कुवेत यांचे सदूही वारसायादीत आले. अमिरातींतल्या बायका गोल उशीवर जरीचे धागे गुंफून बाह्यांसाठी ‘तल्ली’ करतात, तिचे नाव २०२२ साली लागले. त्याच वर्षापासून सौदी अरेबियात २२ फेब्रुवारीला स्थापनादिनाची सुट्टी असते आणि मुलीबाळी आपापल्या मुलखाचे पोशाख घालून मिरवतात. त्यांतले बरेच यंत्राने भरलेले असतात, पण मला त्यात वाईट दिसत नाही. मागणी राहिली तर हाताने भरणारीलाही चार पैसे मिळतील.

आता कामाचे बोलू. असे जुने झगे जपण्याच्या ज्या रीती आहेत, त्या आपल्या शालू-पैठणीलाही तंतोतंत लागू पडतात. जड भरतकामाचे वस्त्र हँगरला टांगू नये, खांद्यात फाटते. जुन्या, धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात गुंडाळून आडवे ठेवावे. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट होते. घडीत मऊ कापडाची गुंडाळी ठेवावी आणि वर्षातून दोनदा सावलीत उलगडून घडी बदलावी. एकाच रेषेवर राहिली की जर तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. जर काळवंडली म्हणून लिंबू-चिंच लावायला तर मुळीच जाऊ नका. निळीत रंगवलेले कापड पाण्यात घातले की रंग सोडते, तेव्हा आधी आतल्या शिवणीवर ओला बोळा टेकवून पाहावा.

शिशाच्या मण्यांची तऱ्हा निराळी. लाकडी कपाटातल्या आंबूस वाफांनी त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते. हात लावलात तर साबणाने धुवा, आणि मुलांपासून दूर ठेवा.

आणखी एक. झगा कोणाचा, कुठला, कोणत्या प्रसंगाचा, हे घरातल्या म्हातारीला विचारून कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. मन्सूजातसारख्या संस्थांनाही कापडापेक्षा ही माहिती मिळवणेच अवघड जाते. झगा शे-दीडशे वर्षे टिकेल, सांगणारी टिकत नाही. चिठ्ठी मात्र टाचणीने टोचू नका, दोऱ्याने सैल बांधा. पहिल्याच पावसाळ्यात टाचणी गंजते, आणि त्या गंजाचा डाग पुढे सहजी निघत नाही.