शेळीची चराई कागदावर येऊ द्या



वनहक्काच्या दाव्यात खेडलेल्या जमिनीचा कोपरा न् कोपरा लिहिला गेला. पण सामूहिक हक्काच्या नमुना 'ब' मध्ये चराईची जी ओळ आहे, ती बऱ्याच पाड्यांची कोरीच आहे. उद्या रोपवनाला तार पडली की आपलीच शेळी चोर ठरेल, अन् कोंडवाड्याचा दंडही आपल्याच माथी.

शेळी जंगल खाते, असं साहेब लोक पहिल्यापासून सांगतात. कोवळा कोंब ती खाते, हे आम्ही नाकारत नाही. म्हणून कुठल्या भागात किती वर्षं शेळी घालायची नाही, हे ग्रामसभेनेच ठरवावं. 2006 च्या कायद्याच्या कलम 5 ने तो अधिकार दिलाय. पण सातपुड्यातला साग काही शेळीने ट्रकात भरून नेला नाही!

आता योजनेत उस्मानाबादी, संगमनेरी शेळ्या देतात. जात वाईट नाही, उस्मानाबादी तर जुळी करडं देते. सुरतकडची सुरती दुधाला चांगली, पण चालायला कच्ची, ती दारातली शेळी. आपली डोंगरातली गावठी शेळी अंगाने लहान, दूध करडांपुरतं. पण म्हसावदवरून धडगावच्या वाटेला लागलं की जो चढ आहे, तो ती चढते, अंजन-बोर-बाभळीच्या पाल्यावर जगते, पेंड मागत नाही. पाच महिन्यांत विते. ज्याच्याकडे नाही त्याला वाट्याने देता येते, करडं अर्धी-अर्धी. याहामोगीच्या नवसाला घरचाच बोकड निघतो. विम्याचा बिल्ला कानात असलेली शेळी विकायची तर आधी कागद!

बाईच्या हातात पैसा येतो तो शेळीचाच. आजारपण, बियाणं, सगळं त्यात निघतं. सालदारकी पाहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, दारात विकायला काही नव्हतं त्यांचीच पोरं सालाने लागली.

म्हणून आमचं म्हणणं, योजनेची शेळी घ्यायची त्याने घ्यावी, पण प्रत्येक पाड्याने एक चांगला गावठी बोकड राखावा, बाजारात नेऊ नये. आणि चराई लिहून द्यावी. पावसाळ्यात कुठल्या टेकडीला, उन्हाळ्यात कुठल्या नाल्याच्या पाण्यावर, जागेच्या नावानिशी. दाव्याला दोन पुरावे लागतात. नियम 13 मध्ये चराईच्या जुन्या जागा आणि म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, दोन्ही धरलेत. त्या सभेत शेळ्या राखणाऱ्या पोरींना पुढे बसवा, वाटा त्यांनाच ठाऊक आहेत.