दत्तक आदेश झाला, व्हिसाचं काय?

अनिवासी भारतीय जोडप्याला मूल दत्तक घ्यायचं असेल तर आपला कायदा त्यांना परकं मानत नाही. भारतीय पासपोर्ट असला की 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, प्रतीक्षायादीत ते पुण्या-नागपूरच्या जोडप्याच्या बरोबरीने उभे राहतात. ऐकायला छान वाटतं. पण हेच जोडपं न्यू जर्सीत एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डावर राहत असेल, तर मुलाला घरी न्यायचं कसं, याचं धड उत्तर अमेरिकेच्या कायद्यात नाही.

भारतातून दत्तक मूल अमेरिकेत नेण्याची, आंतरदेशीय दत्तकांविषयीच्या हेग कराराखालची वाट फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. पती-पत्नींपैकी एकाकडे तरी नागरिकत्व हवं. बाकीच्यांना जुना नियम लागू: मूल साधारणपणे 16 वर्षांचं होण्याआधी दत्तक गेलेलं असावं, आणि त्याचा कायदेशीर ताबा दोन वर्षं व पालकांसोबत प्रत्यक्ष राहणं दोन वर्षं, हे दोन्ही पूर्ण झालेलं असावं. मुलाला तिकडे प्रवेशच नाही, म्हणजे ही दोन वर्षं भारतात काढायची. ग्रीन कार्डवाला पूर्वपरवानगीशिवाय वर्षभराहून जास्त बाहेर राहिला तर कार्डच धोक्यात येतं. एच-वन-बीवाल्याने दोन वर्षांची रजा मागून पाहावी!

बरं, त्याच ग्रीन कार्डवाल्या बाईला माहेरी आलेली असताना मूल झालं असतं तर? आई पहिल्यांदा परतताना ते दोन वर्षांच्या आतलं असेल, तर त्याला व्हिसासुद्धा लागत नाही. आईच्या मांडीवर बसून ते तिकडे गेलं असतं. दत्तक बाळाच्या आईने मात्र दोन वर्षं थांबायचं.

या नियमामागचं कारण मला मान्य आहे. केवळ व्हिसासाठी कागदावरची दत्तकं होतात, मुलांचा व्यापार होतो, तो रोखायलाच हवा. पण जिथे 'कारा'ने ना हरकत दिली, गृहभेटीचा अहवाल झाला, जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला (2022च्या सप्टेंबरपासून हा अधिकार कोर्टाकडून त्यांच्याकडे आला आहे), तिथे आणखी दोन वर्षांत तपासायचं काय उरतं? नागरिकांनी नेलेल्या मुलांच्या बाबतीत हीच कागदपत्रं पुरेशी ठरतात की!

दुसरा घोळ आपल्या घरांत होतो. धाकट्या दिराचं मूल मोठ्या जावेने घ्यायचं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. 1956चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदाही अशा दत्तकाला मान्यता देतो. त्यामुळे परदेशातलं जोडपं सुट्टीत येतं, दत्तकपत्र नोंदवतं, पेढे वाटतं आणि मग व्हिसाची चौकशी करतं. हेग कराराचा क्रम नेमका उलटा आहे. आधी दोन्ही देशांची संमती, मूल त्या देशात जाऊ शकेल याची खात्री, आणि त्यानंतर दत्तक. शिवाय अमेरिकेचा नियम असा की जन्मदाते आईवडील दोघं हयात असतील तर ते मुलाचा नीट सांभाळ करू शकत नाहीत हे दाखवावं लागतं. खाऊनपिऊन सुखी असलेल्या दिराकडे पाहून वकिलातीतला अधिकारी हे कसं मानणार? भारताने 2021 मध्ये नियम बदलून अशा दत्तकांसाठी 'कारा'च्या ना हरकतीची सोय केली. तिने भारताकडची अडचण सुटते. पलीकडचं दार उघडेलच असं नाही. दत्तकपत्रावर सही करण्याआधी तिकडच्या वकिलाला विचारा, एवढंच सांगेन.

आणि नागरिक पालकांनी रीतसर नेलेली मुलं तरी सुरक्षित होती का? जुन्या काळात परदेशी पालकांना इथे दत्तक घेता येत नसे. 1890च्या पालकत्वाच्या कायद्याखाली ते मूल 'पालक' म्हणून नेत आणि दत्तक तिकडच्या कोर्टात होई. वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये या व्यवहाराला शिस्त लावली. पण नागरिकत्वासाठी तिकडे वेगळा अर्ज करावा लागे, आणि अनेक पालकांनी तो केलाच नाही. दत्तक झालं म्हणजे मूल अमेरिकन झालं, अशी त्यांची समजूत.

अमेरिकेने 2000 साली कायदा करून नागरिकत्व आपोआप दिलं, पण 27 फेब्रुवारी 2001 रोजी जे 18 वर्षांच्या आत होते त्यांनाच. थोरले राहून गेले. त्यात 1996च्या कायद्याने हद्दपारीला पुरेशा गुन्ह्यांची यादी लांबवलेली. मुंबईतून लहानपणी दत्तक गेलेल्या एका स्त्रीला 2008 मध्ये असंच परत पाठवलं गेलं. नवरा आणि मुलं तिकडेच राहिली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत आलं. न्यायालय इथल्या संस्थांना जाब विचारू शकतं, अमेरिकेचं नागरिकत्व देऊ शकत नाही.

ही वयाची अट काढणारं विधेयक 2015 पासून तिथल्या संसदेत पुन्हापुन्हा मांडलं जातं. 2022च्या फेब्रुवारीत ते एका मोठ्या विधेयकाला जोडून प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि अंतिम मसुद्यातून गळलं. गुन्हेगारांना कशाला सूट द्यायची, हा विरोधकांचा प्रश्न. त्याच आईबापांच्या पोटच्या मुलाने तोच गुन्हा केला तर तो शिक्षा भोगून आपल्या घरी जातो. दत्तक मुलाला शिक्षा संपल्यावर जिथली भाषा विसरली त्या देशाच्या विमानात बसवतात. यातली दुसरी शिक्षा नक्की कोणत्या गुन्ह्याची, हे त्या विरोधकांनी एकदा सांगावं. अर्ज भरायला विसरले होते ते आईबाप.