कॉमिक तेच, ग्रेड मात्र वाढली! कशी?

फ्लेकी टेस्ट माहितीये ना? कोड तोच, पण कधी पास, कधी फेल. मग आपण ती पास होईपर्यंत रन करत बसतो. अमेरिकेतल्या जुन्या कॉमिक्सच्या बाजारात हेच चालतं.

तिथली सीजीसी ही कंपनी २००० सालापासून कॉमिक्सना ०.५ ते १० अशी ग्रेड देते आणि प्रत प्लास्टिकच्या केसमध्ये सील करते. ९.६ आणि ९.८ मधला फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो, किमतीत मात्र चांगलाच दिसतो. म्हणून लोक केस फोडतात, उष्णता आणि दाब देऊन प्रतीवरचे दबलेले भाग सपाट करून घेतात आणि ती परत पाठवतात. हे नियमात बसतं. सीजीसीचीच भगिनी कंपनी सीसीएस प्रेसिंग करून देते. फी पुन्हा भरावी लागते, ग्रेड खालीही येऊ शकते.

खरी गडबड डेटात होते. जुनं लेबल परत केलं नाही, तर सीजीसीच्या सेन्ससमध्ये एकच प्रत दोनदा मोजली जाते. शिवाय ही ग्रेड कितव्या प्रयत्नात मिळाली, हे लेबल सांगत नाही. म्हणून विकत घेताना आकडा नंतर बघा, आधी प्रत बघा.