शाळेला सर्व्हर हवाय की कपाटाची शोभा?

स्पष्टच लिहितो, कारण या विषयावर गोड बोलण्यात बरीच वर्षं गेली. ४० पोरांच्या वर्गात ऑनलाइन धडे आणि चाचण्या चालवायला लाखांचा सर्व्हर लागत नाही. लागतो म्हणून जो सांगतो, त्याला एक तर हिशेब येत नाही किंवा त्याचा हिशेब वेगळाच आहे.

पैसा नाही, अशी रड कुणी सांगू नये. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना आयसीटी लॅबसाठी ६ लाख ४० हजारांपर्यंत एकरकमी आणि पाच वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत आवर्ती निधीची तरतूद आहे. शिवाय आमदार निधी आहे, वित्त आयोगाचा पैसा आहे, कंपन्यांचा सीएसआर आहे. पैसा येतो, यंत्र येतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढच्या जूनमध्ये जाऊन बघा.

एका शाळेत मी जाऊन बघितलं. शाळेचं नाव घेत नाही, कारण शिक्षक बिचारे निर्दोष आहेत. लोखंडी कपाटात रॅकवाला सर्व्हर. पंख्याचा आवाज एवढा की शेजारच्या वर्गात शिकवता येईना, म्हणून बंद ठेवलेला. यूपीएसची बॅटरी गेलेली. पासवर्ड ठेकेदाराच्या माणसाकडे, आणि तो माणूस आता दुसऱ्या कंपनीत. गुरुजी धडे कशावर दाखवतात? स्वतःच्या मोबाईलवर.

आता साधा हिशेब मांडू. मूडल हे ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर २००२ पासून फुकट आणि मुक्त आहे, जगभरातली विद्यापीठं ते वापरतात. त्यांचाच जुना ठोकताळा असा: १ जीबी रॅममागे एका वेळी १० ते २० जण. म्हणजे ४० पोरं एकदम चाचणीला बसली तरी ४ जीबीत भागतं. आपण ८ जीबी धरू, खाली लिनक्सलाही जागा हवी. प्रोसेसर साधा चार कोअरचा चालतो. पैसे घालायचे तर एसएसडीत घाला. सगळ्यांनी एकाच क्षणी ‘चाचणी सुरू करा’ दाबलं की जुनी फिरती हार्डडिस्क धापा टाकते, एसएसडी टाकत नाही.

व्हिडिओचं काय? १० मिनिटांचा धडा १ एमबीपीएस दराने साठवला तर ७५ एमबी होतो. असे १००० धडे ७५ जीबीत बसतात. २५६ जीबीची एसएसडी अर्धीसुद्धा भरत नाही. आता तेच ४० पोरांनी एकदम इंटरनेटवरून बघायचे तर सलग ४० एमबीपीएस लागतील. आपल्याकडे पावसात रेंजची काय गत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. पण यंत्र वर्गातच असेल तर शाळेच्या आतल्या गिगाबिट वायरला हे ओझं काहीच नाही. इंटरनेट फक्त नवे धडे उतरवायला, तेही रात्री. म्हणून ‘सगळं क्लाउडवर टाका’ म्हणणाऱ्यांनी आधी एखाद्या वस्तीशाळेत उभं राहून एक व्हिडिओ चालवून दाखवावा.

विजेचं बघा. ४०० वॅटचा सर्व्हर दिवसरात्र चालला तर महिन्याला २८८ युनिट. एसीचं बिल वेगळं. हातात मावणारा रास्पबेरी पाय पूर्ण ताणला तरी १५ वॅट धरा, म्हणजे महिन्याला ११ युनिट. बिल थकलं म्हणून कनेक्शन तोडलेल्या शाळांच्या बातम्या आपणच वाचतो ना? मग बिल वाढवणारं यंत्र कुणाच्या भल्यासाठी? छोटं यंत्र घरातल्या इन्व्हर्टरवर सहज चालतं. एक मात्र सांभाळा: त्याला मेमरी कार्डावर चालवू नका, वीज अचानक गेली की कार्ड खराब होतं. यूएसबीने एसएसडी जोडा. चांगल्या बॅटरीचा जुना लॅपटॉप असेल तर उत्तमच, यूपीएस त्याच्या पोटातच आहे.

खरी अडचण असते वायफायची, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. घरगुती राउटर १५-२० टॅब जोडले की रडायला लागतो. मग गुरुजींना वाटतं सर्व्हर स्लो आहे, आणि पुढच्या प्रस्तावात आणखी मोठा सर्व्हर येतो! दोन बऱ्यापैकी ॲक्सेस पॉइंट घ्या, वेगवेगळ्या चॅनेलवर ठेवा, सर्व्हरला मात्र वायरनेच जोडा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

सॉफ्टवेअरला तर दमडी लागत नाही. चाचण्या, गृहपाठ, गुण यांसाठी मूडल. फक्त धडे दाखवायचे आणि सराव घ्यायचा असेल तर कोलिब्री, ते मुळात इंटरनेट नसलेल्या जागांसाठीच बनवलंय आणि मराठीतून चालतं. किविक्सने अख्खा मराठी विकिपीडिया यंत्रात उतरवता येतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मुक्त परवान्यात आहेत. एवढं सगळं असताना दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मागणारं, पैसे थांबले की पोरांचे गुणसुद्धा अडवून ठेवणारं पॅकेज का घ्यायचं?

‘पण सांभाळणार कोण?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि मोठ्या सर्व्हरलाही तोच लागू आहे. फरक एवढाच की साधं यंत्र आपल्या तालुक्यातला पोरगा दुरुस्त करू शकतो. आयटीआयमध्ये कोपा ट्रेड आहे, तिथून दरवर्षी पोरं-पोरी बाहेर पडतात आणि काम शोधत फिरतात. चार-पाच शाळांमागे एकाला महिन्याचं मानधन द्या. केरळकडे बघा, तिथल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतायत. कारण त्यांनी शिक्षक तयार केले, नुसती खोकी वाटली नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: ‘गरिबाच्या पोरांना स्वस्तातलंच का?’ प्रश्न मलाही लागतो. पण बंद पडलेला महागडा सर्व्हर गरिबाच्या पोराला काय देतो? स्वस्त यंत्र घ्या म्हणजे उरलेला पैसा परत पाठवा, असं मी म्हणत नाही. तो पैसा टॅबवर, बॅटरीवर, वायफायवर, शिक्षकांच्या प्रशिक्षणावर लावा. आणि एका मोठ्या यंत्राऐवजी दोन सारखी छोटी घ्या. एक चालू, एक कपाटात तयार. रोज रात्री डेटाबेस आणि फाइलींचा बॅकअप आपोआप दुसऱ्या डिस्कवर. पहिलं मेलं तर दुसरं तासाभरात लावता येतं. मोठा सर्व्हर मेला तर इंजिनिअर जिल्ह्याच्या गावाहून कधी येणार?

आता काम आपलं आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. ती सही करण्यापुरती समिती नाही. पुढच्या बैठकीत पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या:

१. एका वेळी किती मुलं वापरणार, आणि त्या आकड्यावरून यंत्र ठरवलं का?
२. इंटरनेट आणि वीज गेल्यावर काय चालू राहील?
३. ॲडमिन पासवर्ड मुख्याध्यापकांकडे असेल का?
४. बॅकअप कुठे जातो, आणि तो परत चढवून कुणी बघितलाय का?
५. करार संपल्यावर मुलांचे गुण आणि धडे आपल्याला नेता येतील का?

उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. खरेदीचा आदेश, तांत्रिक तपशील आणि देखभालीचा करार, तिन्ही मागा. मग ४० पोरांच्या वर्गाला ६४ जीबी रॅम कुणी लिहिली, ते कागदावरच दिसेल.