न्यायाधीशाला मतांसाठी उभे करू नका



रविवारच्या पुरवणीतील ‘न्यायाधीशही लोकांनीच निवडावेत’ हा लेख वाचून राहवले नाही. न्यायाधीश मतदानाने निवडणाऱ्या अमेरिकेतील छोट्या काउंट्यांचे लेखकाने भरभरून कौतुक केले आहे. मी अशाच एका काउंटीत, ॲरिझोनातील याव्हापायमध्ये राहते.

ॲरिझोनात अडीच लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या काउंटीत समिती उमेदवारांची छाननी करते आणि तिच्या यादीतून गव्हर्नर सुपीरियर कोर्टाचा न्यायाधीश नेमतात. त्याहून लहान काउंटीत थेट निवडणूक. 2020 च्या जनगणनेत आमची लोकसंख्या भरली 2,36,209. पावणेचौदा हजार डोकी कमी पडली, म्हणून आमच्या न्यायाधीशाने पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरायचे, रस्तोरस्ती नावाच्या पाट्या रोवायच्या! अंतिम मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापत नाहीत म्हणे. पण प्राथमिक फेरीत मिरवलेला पक्ष गावात कोण विसरतो? शिवाय प्रचाराला पैसा लागतो. उमेदवाराने स्वतः हात पसरायचा नाही, त्याच्या प्रचारसमितीने गोळा करायचा, एवढाच काय तो आडपडदा. छोट्या गावात या निवडणुकीला पैसे देण्यात रस कोणाला? वकिलांना. उद्या त्याच वकिलांचे दावे त्याच न्यायाधीशापुढे. समोरच्या पक्षकाराने विश्वास ठेवायचा कशावर? पावणेचौदा हजार माणसे आणखी असती, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

नेमणुकीमुळे लोकांचा हक्क जातो, हा लेखकाचा मुद्दा चुकीचा आहे. नेमलेल्या न्यायाधीशाला दर चार वर्षांनी मतदारांपुढे जावेच लागते. ठेवायचा की घालवायचा, हे तेच ठरवतात. 2024 मध्ये हा अधिकार जवळपास संपवणारा प्रस्ताव विधिमंडळाने आणला, तो तीन चतुर्थांशांहून अधिक मतदारांनी फेटाळला. आणि कोकोनिनो काउंटीची वस्ती तर दीड लाखही नाही. तिथल्या लोकांनी 2018 मध्ये स्वतः मतदान करून नेमणुकीची पद्धत घेतली. राज्यघटनेने ती वाट प्रत्येक छोट्या काउंटीला मोकळी ठेवली आहे. मग आमच्याकडे हा प्रश्न मतपत्रिकेवर का येत नाही? जनगणनेचा आकडा वाढण्याची वाट बघत बसायचे का?

त्याहून संताप येतो तो ‘जस्टिस ऑफ द पीस’ या खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या पदाचा. तो तर फिनिक्ससारख्या महानगरातही पक्षाच्या नावावर निवडून येतो आणि त्याला कायद्याची पदवीही लागत नाही. भाडेकरूला घराबाहेर काढायचे की नाही, दहा हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे कोणाच्या बाजूने लावायचे, हे तो ठरवतो. गरिबाचा कोर्टाशी संबंध येतो तो बहुधा तिथेच. पानभर लेखात त्याबद्दल एक ओळ नाही.

— एक वाचक, प्रेस्कॉट (ॲरिझोना)