मागच्या सीटचं काय?

सध्या आमच्या घरात एकच विषय आहे. मोटरसायकल. जुनी शंभर सीसीची गाडी सतरा वर्षं राबली, आता तिला निरोप द्यायचा ठरलंय, आणि मला क्रूझर घ्यायचीय. म्हणजे बसकी, लांबलचक, पाय पुढे टाकून निवांत चालवायची गाडी. पन्नाशी जवळ आली की पुरुषांना असं काहीतरी होतं, असं बायकोचं मत आहे. असो.

न्यू जर्सीतल्या चुलतभावाला फोनवर म्हटलं, मध्यम आकाराची क्रूझर बघतोय, तर तो साडेसहाशे-सातशे सीसीच्या गोष्टी करायला लागला. तिकडे मध्यम म्हणजे तेवढं. आपल्याकडे मध्यम म्हणजे साडेतीनशे, आणि आता त्या रेषेला पैशाचंही वजन आलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्यांवर थेट ४० टक्के झाला. त्यामुळे सुपर मीटिऑर ६५० चा विषय तिथेच संपला. शिवाय तिचं वजन २४१ किलो. वरव्यात सर्व्हिस रोडवरून आमच्या घराकडे वळलं की चढ आहे. बंद पडली तर ढकलणार कोण? (भाऊ, तू विमानाने येणार का?)

उरल्या साडेतीनशेच्या आतल्या. महिनाभर वहीत तक्ते मांडले. रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०: वजन १९१ किलो, सीटची उंची ७६५ मिलिमीटर, पेट्रोलची टाकी १५ लिटरची. होंडाची हायनेस सीबी ३५०: १८१ किलो, सीट ८०० वर. बजाजची अ‍ॅव्हेंजर २२०: सगळ्यात हलकी, १६३ किलो, आणि सीट ७३७ वर. अ‍ॅव्हेंजरवर माझं जुनं प्रेम. २००५ मध्ये ती आली तेव्हा मित्राने घेतली होती, आणि तिच्यावरून वरंध घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आल्यावर मी आठवडाभर माझ्या गाडीकडे बघितलं नव्हतं. जावाची ४२ बॉबर दिसायला सगळ्यात देखणी, पण तिला सीट एकाच माणसाची. बायकोने फोटो बघितला, काही बोलली नाही, चहा ठेवायला निघून गेली. वहीतून ते पान फाडलं.

ताकदीच्या आकड्यांनी मात्र फार डोकं खाल्लं. मीटिऑरचा टॉर्क २७ न्यूटन मीटर, हायनेसचा ३०, आणि तोही कमी आरपीएमला, ३००० च्या आसपास. म्हणजे कापूरहोळच्या गर्दीत चौथ्या गिअरमध्ये हळू चाललं तरी गाडी कुरकुरत नाही. हे खरंच कामाचं. बाकी टॉप स्पीड वगैरे हायवेवर ट्रकच्या मागे उभं राहिलं की सगळ्यांचा सारखाच!

आणि मग एका रात्री तक्ता बघताना लक्षात आलं, की ही सीटची उंची म्हणजे चालवणाऱ्याच्या सीटची. मागच्या सीटची उंची मी चाळलेल्या एकाही माहितीपत्रकात नव्हती.

आता जे सांगायला नको वाटतं ते सांगतो. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आईला घेऊन मामाकडे निघालो होतो. ती ७२ वर्षांची, नेहमीसारखी एका बाजूला बसलेली. सर्व्हिस रोडच्या एका गतिरोधकावर मी वेग कमी केला नाही. गाडी उडाली आणि आई मागे पडली. मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही एवढंच नशीब, कारण हेल्मेट फक्त माझ्या डोक्यावर होतं. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून ती गाडीवर बसलेली नाही. मामा हिर्डोशी खोऱ्यात अंथरुणाला खिळलेला, एसटीतून उतरल्यावर तिला चालवत नाही, त्यामुळे वर्षभर बहीण-भावाची भेट नाही.

म्हणून मागच्या आठवड्यात आईलाच शोरूममध्ये घेऊन गेलो. गाडी चालू न करता नुसती बसून बघ म्हटलं. मीटिऑरची मागची सीट पुढच्यापेक्षा पायरीसारखी वर. तिथे चढताना तिचा गुडघा अडला, आणि पाठ टेकायचा जो भाग आहे तो एका बाजूला बसणाऱ्याच्या नेमका कुशीत येतो. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्याला तो उत्तम आहे, बायकोला आवडला. हायनेसची सीट उंच खरी, पण एकसंध, सपाट. पायरीवर पाय देऊन आई बसली, हात मागच्या दांडीवर गेला, आणि म्हणाली, "इथं बरं वाटतंय."

माझं मत विचाराल तर एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा आला की पायांवर जोर देऊन उठता येत नाही, धक्का थेट कमरेत जातो. आपल्या रस्त्यांवर हे रोजचं आहे. हायनेसला काटेकोरपणे क्रूझर म्हणता येणार नाही, ती सरळ बसायची गाडी. मन थोडं खट्टू झालं, खोटं कशाला बोलू. अ‍ॅव्हेंजरवर मीही एकदा बसून घेतलंच. दोन मिनिटं.

विक्रीचा मुलगा सहज म्हणाला, साडीगार्ड काढून टाकतात बरेच जण, गाडी छान दिसते. मी त्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम ऐकवणार होतो. मागच्या प्रवाशासाठी हातदांडी, पायाची पायरी आणि मागच्या चाकाचं किमान अर्ध झाकण असलंच पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. पण आईच आधी बोलली, "ते राहू दे रे बाबा."

मंगळवारी बुकिंगला जातोय. दोन हेल्मेट आजच आणली, आईचं निळं. पहिली फेरी मामाकडे. गतिरोधक दिसला की पहिला गिअर, असं तिने जेवताना दोनदा बजावलंय.