मंगळावरचं क्षारपड रान

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदी पात्राबाहेर आली आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. पाणी ओसरलं तेव्हा नदीकाठच्या कितीतरी रानांत काळी माती उरलीच नव्हती, खालचा मुरूम उघडा पडला होता. खरडून गेलेल्या जमिनीला सरकारने हेक्टरी ४७ हजार रुपये रोख जाहीर केले. त्यात किती ब्रास माती येते, ते मोहोळच्या शेतकऱ्याला विचारावं.

अशा वर्षी परग्रहावरच्या वस्तीवर दिवाळी अंक काढावा का, यावर आमच्यात बरीच हुज्जत झाली. विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकर मे महिन्यात गेले. त्यांच्या माघारी ही पहिली दिवाळी, हे एक कारण. दुसरं कारण मातीच.

मंगळावरचा खडक बराचसा आपल्यासारखाच, बेसॉल्ट. पण आपल्याकडे पावसाने, मुळांनी, जिवाणूंनी त्याची काळी माती केली. तिथे नुसती भुकटी आहे, आणि तिच्यात परक्लोरेटचे क्षार असल्याचं २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यानाला आढळलं. कालव्याच्या पाण्याने ज्यांची रानं क्षारपड झाली, त्यांना उपाय पाठ आहे: चर काढायचे, पाणी सोडायचं, क्षार धुऊन काढायचे. परक्लोरेटही पाण्यात विरघळतात. पण तिथलं पाणी बर्फ होऊन गाडलेलं, आणि हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे उघड्यावर पाट वाहायचा नाही. शेती करायची ती बंद छपराखालीच.

तेही सोपं नाही. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर-२’ या काचेच्या बंद घरात १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ च्या आसपास उतरला. शेवटी बाहेरून सोडावा लागला. सेंद्रिय खताने भरलेल्या मातीतले जिवाणू तो खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला, झाडांच्या वाट्याला पुरेसा आलाच नाही. खत जास्त झालं म्हणून माणसं धापा टाकू लागली, ही गोष्ट आम्हाला कुठल्याही रॉकेटपेक्षा रंजक वाटते.

अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी २०२५ मध्ये अंतराळस्थानकात मूग आणि मेथी रुजवली. कौतुकच आहे, पण मोड यायला माती लागत नाही.

म्हणून लेखकांना सांगितलं होतं, रॉकेट कमी. पाणी, खत, सांडपाणी आणि शेजारी यांवर जास्त लिहा. बहुतेकांनी ऐकलं. एका कथेत मात्र दुसऱ्याच पानावर रॉकेट सुटतं. कथा चांगली होती, राहू दिली.

— संपादक